अर्धा चुकलेला गुरू

पॅट्रिक मॅन्सनचा हिवतापाबद्दलचा सिद्धान्त अर्धा बरोबर होता आणि अर्धा साफ चूक. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात जातो आणि तिथे वाढतो, हे त्याने नेमकं ताडलं होतं. पण पुढची कहाणी त्याने भलतीच जुळवली. डास पाण्यावर अंडी घालतो, तिथेच मरतो, त्याच्या अंगातले जंतू पाण्यात उतरतात आणि ते पाणी जो पितो त्याला ताप भरतो, असं तो म्हणायचा. या अर्ध्या चुकीच्या नकाशावर विसंबून इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला रोनाल्ड रॉस नावाचा डॉक्टर १८९५ मध्ये सिकंदराबादेत डास फाडायला बसला. जे दिसेल ते आणि जे दिसत नसेल तेही तो लंडनला मॅन्सनला लिहून कळवू लागला. १८९५ ते १८९९ या काळातली ही पत्रं आज पुस्तकरूपाने छापलेली आहेत. वैद्यकाच्या इतिहासात ज्येष्ठ आणि कनिष्ठ डॉक्टरांचा इतका सलग, इतका उघडावाघडा पत्रसंवाद क्वचितच सापडेल.

आपल्याकडे गुरूविषयी बोलताना त्याच्या ज्ञानाविषयी बोलायची पद्धत आहे. सरांचं निदान कधी चुकलं नाही, नुसत्या नाडीवर हात ठेवून त्यांनी सांगितलं, अशा कथा प्रत्येक मेडिकल कॉलेजात असतात आणि दर बॅचगणिक त्या वाढत जातात. मला या कथांचा कंटाळा आहे. मॅन्सनची पत्रं पाहिली की गुरू बरोबर असणं ही गोष्ट किती दुय्यम आहे ते कळतं. रॉसला मॅन्सनकडून हिवतापाचं उत्तर मिळालं नाही. आपलं काम रोजच्या रोज समजून घेणारा एक वाचक मिळाला, आणि वेळ आली तेव्हा स्वतःचं वजन खर्चायला तयार असलेला माणूस मिळाला. बाकी सगळं, म्हणजे सिद्धान्तसुद्धा, त्यानंतरचं.

मुळात रॉसला मॅन्सनकडे जावंच का लागलं? अल्फान्स लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात हा जंतू पाहिला होता. रॉस १८८१ पासून भारतात नोकरीला होता, पण त्याला रक्तात तो जंतू काही दिसेना. मग लाव्हेरान चुकलाय आणि हिवताप आतड्यातल्या बिघाडाने होतो, असे लेख त्याने १८९३ च्या सुमारास लिहिले. गंमत अशी की मुंबईत तोवर हे काम होऊन गेलं होतं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हेन्री व्हँडाइक कार्टरने मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात हे जंतू पाहून १८८८ मध्ये सरकारी वैद्यकीय अहवालमालेत त्यावर निबंध छापला होता. 'ग्रेज अनॅटॉमी'मधल्या मूळ आकृत्या काढणारा तो हाच कार्टर. म्हणजे एकाच सरकारच्या, एकाच वैद्यकीय सेवेच्या कपाटात उत्तर पडून होतं आणि त्याच सेवेतला एक तरुण अधिकारी ते उत्तर खोटं आहे असं सिद्ध करत बसला होता. छापलेला कागद कपाटात असतो, पण तो कुणी कुणाला वाचून दाखवत नाही. १८९४ मध्ये रजेवर असताना रॉस मॅन्सनच्या घरी गेला. मॅन्सनने त्याला शेजारी बसवून सूक्ष्मदर्शकाखाली चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू दाखवले. रॉसचा हट्ट तिथे संपला.

त्याच वर्षी मॅन्सनने आपला डासाचा विचार रॉसला सांगितला. मॅन्सन तेव्हा पन्नाशीचा, रॉस सदतीस वर्षांचा. मॅन्सन स्कॉटलंडचा. तैवान, अमॉय आणि हाँगकाँग इथे वीसेक वर्षं काढून तो लंडनला परतला होता. अमॉयमध्ये १८७७ मध्ये त्याने हत्तीरोगाचा कृमी डासाच्या अंगात वाढतो हे दाखवलं होतं. एखाद्या किड्याच्या अंगात माणसाच्या रोगाचा जंतू वाढतो, हा विचार त्या काळी नवा होता आणि त्याचं श्रेय मॅन्सनचंच. हिवतापाचा तर्क त्याने या जुन्या यशावर उभा केला. आणि त्याची चूकही त्याच यशातून आली, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

अमॉयमध्ये मॅन्सनने हत्तीरोगाच्या कृमींनी पछाडलेल्या आपल्या माळ्याचं रक्त डासांना पाजलं आणि मग ते डास डब्यांत बंद करून ठेवले. त्यांना खायला काही दिलं नाही. चार-पाच दिवसांत ते मेले. मॅन्सनने निष्कर्ष काढला की डास एकदाच रक्त पितो, अंडी घालतो आणि मरतो. डास उपाशी मरतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. एकदाच चावून मरणारा डास दुसऱ्या माणसाला रोग कसा देणार? मग जंतू बाहेर पडायला पाणी हवंच. पुढे ऑस्ट्रेलियातल्या थॉमस बँक्रॉफ्टने डासांना केळं खायला घातलं आणि ते आठवडेच्या आठवडे जगले. त्याने पाठवलेल्या डासांच्या सोंडेत हत्तीरोगाचे कृमी १९०० मध्ये सापडले. ते शोधणारा जॉर्ज कारमायकल लो हा मॅन्सनच्याच लंडनमधल्या वैद्यकीय शाळेतला. वीस-बावीस वर्षं उभी राहिलेली एक चूक केळ्याच्या एका फोडीने पडली.

ज्येष्ठाचा अनुभव दुधारी असतो तो असा. अनुभव आपल्याला योग्य दिशेला पाहायला शिकवतो आणि त्याच दिशेला काय दिसणार हेही आधीच ठरवून टाकतो. मॅन्सन पत्रांतून रॉसला एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावायचा. डासाच्या पोटात गेल्यावर जंतूला ज्या शेपटीसारख्या कशाभिका फुटतात, त्यांचा माग सोडू नको, त्या जिथे जातील तिथे जा. त्याच्या मते या कशाभिका म्हणजे जंतूचं बी. रॉस महिनोन्महिने त्यांच्या मागे लागला आणि त्या कुठेच जाईनात. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम मॅकॅलमने पक्ष्यांच्या अशाच एका जंतूत दाखवून दिलं की त्या कशाभिका म्हणजे नर बीजपेशी आहेत आणि त्या मादीपेशीत शिरून संपतात. त्यांच्या मागे जाऊन डासाच्या पोटात कुठेही पोहोचता येणार नव्हतं.

मग पत्रांनी काय दिलं?

लंडनहून निघालेलं पत्र सिकंदराबादेत यायला दोन-तीन आठवडे लागायचे, उत्तर जायला तेवढेच. म्हणजे रॉसने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दीड महिन्याने हातात पडायचं, तोवर तो तिसऱ्याच प्रश्नावर असायचा. या हिशेबाने मॅन्सनचा सल्ला जवळजवळ नेहमीच शिळा होऊन पोहोचत असणार. तरी रॉस लिहीत राहिला, लांबलचक, आकृत्यांसह. किती डास फाडले, त्यांच्या जठराच्या भिंतीवर काय दिसलं, कुठला रुग्ण पळून गेला, वरिष्ठ कसे त्रास देतात, आपण कसे हताश झालो आहोत, सगळं. माझा अंदाज असा की त्याला उत्तरांची गरज फार कमी होती. रात्री दिवसभराचं काम दुसऱ्याला समजेल अशा भाषेत मांडायला बसलं की आपण काय पाहिलं आणि काय पाहिलंसं वाटलं हे वेगळं काढावं लागतं. स्वतःच्या वहीत माणूस स्वतःला फसवू शकतो. ज्याला सूक्ष्मदर्शकाखालचं कळतं आणि जो उलटा प्रश्न विचारणार आहे, अशा माणसाला लिहिताना ती सोय राहत नाही.

आणि मॅन्सन खरोखरच वाचायचा. रॉसने टपालाने पाठवलेल्या काचपट्ट्या तो स्वतः तपासायचा. दमलेल्या रॉसला उभं करण्यासाठी त्याने एकदा आर्थर राजाच्या दंतकथेतल्या पवित्र चषकाचा आणि तो शोधणाऱ्या सरदाराचा दाखला दिला. हे काम म्हणजे तोच चषक समज आणि शोध सोडू नको, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. फ्रेंच आणि इटालियन लोक आधी याला हसतील, मग स्वीकारतील आणि शेवटी आमचंच म्हणतील, असाही इशारा दिला. यातला राष्ट्राभिमानाचा भाग आज वाचताना खटकतो. पण परदेशात, कुठल्याशा छावणीत, हाताखालची माणसं आणि वरचे अधिकारी यांच्यामध्ये एकट्या पडलेल्या माणसाला हे असलं काही ऐकायला मिळणं किती मोलाचं असेल, ते एखाद्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एकट्याने दिवस काढलेल्या कुणालाही विचारावं.

ऑगस्ट १८९७. सिकंदराबादेजवळ बेगमपेठचं रुग्णालय. उकाडा असह्य, पण पंखा ओढायचा नाही, कारण वाऱ्याने फाडलेले डास उडतात. कपाळावरून गळणाऱ्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेलेला. १६ तारखेला हुसेन खान नावाच्या तापाच्या रुग्णाला रॉसने एका वेगळ्या जातीच्या डासांकडून चाववून घेतलं. पंखांवर ठिपके असलेले तपकिरी डास होते ते. त्यांचं शास्त्रीय नाव रॉसला माहीत नव्हतं. तोवर त्याने ज्या जातींचे डास फाडले होते, त्या हिवताप पसरवणाऱ्या नव्हत्याच. हुसेन खानला दर डासामागे एक आणा मिळाला. २० तारखेला, उरलेल्यांपैकी एक डास फाडताना, जठराच्या भिंतीवर रॉसला काही गोल पेशी दिसल्या आणि त्यांत काळे रंगकण होते. अगदी हिवतापाच्या जंतूत असतात तसे. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला. त्यातही त्या पेशी होत्या आणि आदल्या दिवशीच्यापेक्षा मोठ्या होत्या. एका दिवसाने त्या वाढल्या होत्या, हा खरा शोध. दिसणं योगायोगाने घडतं, पण दोन दिवसांच्या आकारांची तुलना करायला तीच नजर लागते जी दोन वर्षं दुसऱ्याला हिशेब देत आली आहे.

काचपट्ट्या लंडनला गेल्या. मॅन्सनने त्या पाहिल्या, जाणकारांना दाखवल्या आणि १८ डिसेंबर १८९७ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रॉसचा लेख रॉसच्या नावाने छापून आला, सोबत मॅन्सनची टिप्पणी. आज हे वाचून कुणी म्हणेल, त्यात काय विशेष, लेख त्याचा होता, त्याचंच नाव असणार. असं म्हणणाऱ्याने आपल्याकडच्या एमडीच्या प्रबंधांवरून निघालेल्या लेखांची लेखकयादी एकदा पाहावी. ज्याने रात्रभर वॉर्डात नमुने गोळा केले त्याचं नाव चौथं, विभागप्रमुखांचं पहिलं. मॅन्सनला सिद्धान्त आपला आहे हे सांगायचा पूर्ण हक्क होता आणि तो हक्क त्याने सोडलाही नाही. पण शोध कुणाचा हे त्याने कधी गुलदस्त्यात ठेवलं नाही. पुढच्या जुलैत, १८९८ मध्ये, एडिंबरोला ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात उष्णकटिबंधीय रोगांच्या विभागाचा अध्यक्ष म्हणून त्याने रॉसचा शोध जाहीर केला, तोही रॉसच्या कलकत्त्याहून आलेल्या तारेच्या आधारे. स्वतः रॉस तेव्हा हजारो मैल दूर होता.

त्याआधीचे, शोधानंतर लगेचचे सहा महिने मात्र मॅन्सनच्या खऱ्या कसोटीचे. ऑगस्टात शोध लागला आणि सप्टेंबरात रॉसच्या बदलीचा हुकूम आला. मुंबईमार्गे राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे त्याच्या कामापुरता हिवताप जवळजवळ नव्हताच. सरकारी नोकरीत बदली कशी होते हे महाराष्ट्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगायला नको. तिला कारण लागत नाही आणि ती कुणाविरुद्धही नसते, कागद फक्त पुढे सरकतो. रॉसने तिथेही कबुतरांच्या रक्तातले जंतू पाहायला सुरुवात केली. पण खरं काम झालं ते लंडनमध्ये. मॅन्सन तेव्हा वसाहत खात्याचा वैद्यकीय सल्लागार झाला होता. त्याने आपल्या ओळखी, पद, लौकिक, सगळं कामाला लावलं आणि इंडिया ऑफिसच्या मागे लागून रॉसला १८९८ च्या सुरुवातीला कलकत्त्यात हिवताप आणि काळा आजार यांच्या अभ्यासासाठी सहा महिन्यांचं विशेष काम मिळवून दिलं. प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटलच्या आवारातल्या प्रयोगशाळेत रॉसने पक्ष्यांच्या हिवतापावर काम केलं. त्या जुलैत डासाच्या लाळग्रंथीत त्याला जंतू सापडले, आणि मग डास चाववून त्याने निरोगी चिमण्यांना हा आजार दिला. लाळग्रंथी म्हणजे चावण्याची वाट. पाण्याची कहाणी तिथे संपली. मॅन्सनचा सिद्धान्त ज्या कामाने अर्धा खोडला गेला, त्या कामासाठी जागा, वेळ आणि परवानगी मॅन्सननेच मिळवून दिली होती.

मार्गदर्शक म्हणवणाऱ्याने शिष्यासाठी काय करावं, याची यादी कुणी मला मागितली तर मी ज्ञान शेवटी ठेवीन. पहिलं, त्याने वाचावं. दुसरं, आपल्या शब्दाला जिथे वजन आहे तिथे तो शब्द टाकावा, आणि तो असा टाकावा की आपल्याला त्याची थोडी किंमत मोजावी लागेल. आजच्या एमडीच्या विद्यार्थ्याला गाईड मिळतो, गाईडची सही मिळते, सिनॉप्सिसवर शेरा मिळतो. युनिटच्या व्हॉट्सॲप गटावर त्याने रात्री दोनला टाकलेल्या एक्स-रेवर अंगठा मिळतो, कधी सीटी करून घ्या एवढं उत्तर मिळतं. उत्तर लगेच मिळतं, रुग्णासाठी ते उत्तमच आहे. पण तो गट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. तिथे रजिस्ट्रार सरांना असं लिहू शकत नाही की तुम्ही म्हणता ते मला पटत नाही, मी तीन आठवडे पाहतोय आणि मला उलटं दिसतंय. रॉसने मॅन्सनला हे लिहिलं. डास चावण्यातूनच हिवताप होत असेल ही शंका त्याने आधीच पत्रांतून मांडली होती, मॅन्सनला ती पटली नाही, रॉसने तरी प्रयोग केले. मतभेद लिहून ठेवायला जागा असणं आणि तो मतभेद चारचौघांत नसणं, या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. हाताने लिहिलेल्या पत्राची मला भावुक ओढ नाही, ई-मेलनेही हे साधेल. प्रश्न वेळ देण्याचा आहे.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहत राहिले आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकापर्यंत नेला. त्यांचं उदाहरण आपण कौतुकाने देतो आणि तिथेच थांबतो. पण एमबीबीएसनंतर बंधपत्रावर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेली सगळी मुलं बावस्कर नसतात आणि नसली तरी चालतं. त्यांच्यापैकी कितीजणांनी रात्रीच्या ओपीडीत काही वेगळं पाहिलं असेल आणि ते वाचणारं कुणी नाही म्हणून विसरून गेले असतील? कार्टरचा निबंध कपाटात राहिला तसं यांचं निरीक्षण कपाटापर्यंतही पोहोचत नाही.

आता उलट बाजू. ती कमकुवत नाही. रोममधल्या ज्योव्हानी बात्तिस्ता ग्रासीकडे असा कुठलाही मॅन्सन नव्हता. तो प्राणिशास्त्रज्ञ होता आणि डासांच्या जाती त्याला ओळखता येत होत्या. हिवताप असलेल्या आणि नसलेल्या गावांत कुठले डास आढळतात याची तुलना करून, इतर नकाशे बाजूला सारून, तो ॲनॉफिलिसपाशी पोहोचला आणि १८९८ च्या शेवटाला बिन्यामी आणि बास्तिआनेल्ली यांच्यासह त्याने माणसाच्या हिवतापाचं चक्र पुरं दाखवलं. रॉसला डासाचं नाव सांगता येत नव्हतं आणि त्याचा गुरूही कीटकशास्त्रज्ञ नव्हता. मॅन्सनऐवजी एखाद्या कीटकशास्त्रज्ञाशी रॉसने पत्रव्यवहार केला असता तर दोन वर्षं वाचली असती, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एकाच माणसाच्या नजरेत राहण्याची सवय लागली की जग त्या नजरेएवढं होतं. गुरुशिष्यपरंपरेचं कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांनी या गोष्टीकडे काणाडोळा करू नये. घराण्यात गळा तयार होतो हे खरं, आणि घराण्यातच तो अडकतो हेही खरं.

दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी. हा पत्रव्यवहार दोघांचा आहे, कारण उरलेले त्यात लिहीत नाहीत. १८९५ मध्ये सिकंदराबादेत लछमन नावाच्या नोकराने डास मेलेलं पाणी प्यायलं. अकरा दिवसांनी त्याला ताप आला आणि रॉस हुरळून गेला, पण मग इतरांना पाजलं तर त्यांना काही होईना. लछमनला काय सांगून पाणी दिलं होतं, त्याला भीती वाटली का, त्याला पैसे पुरेसे वाटले का, याचं पत्र नाही. हुसेन खानच्या आण्यांचा हिशेब आहे, हुसेन खानचा शब्द नाही. कलकत्त्यात रॉसचा मदतनीस महंमद बक्ष डास पकडायचा, सांभाळायचा, फाडण्यातही हात द्यायचा. त्याच्याशिवाय रॉसचं पक्ष्यांवरचं काम झालं नसतं असं म्हणायला हरकत नाही. रॉसने त्याचं नाव तरी घेतलं, हेही त्या काळात काही थोडं नाही. पण हे सगळं घडत होतं ते वर्ष विसरू नये. बेगमपेठच्या शोधाच्या दोन महिने आधी, २२ जून १८९७ च्या रात्री, पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांचा सूड म्हणून चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली होती. पुढच्या वर्षी कलकत्त्यात लोक प्लेगच्या लसीच्या भीतीने सरकारी डॉक्टरच्या सुईपासून पळत होते, म्हणूनच रॉसला माणसांऐवजी पक्ष्यांवर जास्त अवलंबून राहावं लागलं. त्या पळणाऱ्यांच्या भीतीला पत्रांत अडचण म्हणून जागा आहे, मत म्हणून नाही. दोन गोऱ्या डॉक्टरांमधला हा विश्वास ज्या जमिनीवर उभा होता, त्या जमिनीवर तिसऱ्या कुणावर विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. हे मान्य करूनही मी म्हणतो की त्या दोघांत जे होतं ते घेण्यासारखं आहे. फक्त ते घेताना वर्तुळ तेवढंच ठेवायचं कारण नाही. आज युनिटमध्ये नर्स आणि लॅब टेक्निशियन रुग्णाविषयी जे जाणतात, त्यातलं किती सरांपर्यंत लेखी जातं?

शेवटी या नात्याचं काय झालं? वाईट झालं. रॉस १८९९ मध्ये भारत सोडून लिव्हरपूलला गेला, १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मॅन्सनला कधीच मिळालं नाही. ग्रासीशी श्रेयावरून रॉसचं भांडण जन्मभर पुरलं. मॅन्सनविषयीही पुढे कटुता आली, आणि १९१० नंतरच्या काळात मॅन्सनने कुणासाठी तरी लिहिलेल्या एका शिफारसपत्रावरून गोष्ट बदनामीच्या दाव्याच्या धमकीपर्यंत गेली. मॅन्सन १९२२ मध्ये वारला. त्यानंतर आठ वर्षांनी रॉसने त्याच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढली, तीही श्रेयाचा हिशेब मांडणारीच. रॉस कृतघ्न होता असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण ज्याने आपल्याला उभं केलं त्याचं ऋण लेखी असेल आणि जगाने ते वाचलेलं असेल, तर ते फिटत नाही आणि विसरताही येत नाही. मला वाटतं अशा ऋणातून राग येणं हे बरंचसं माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. म्हणून गुरूने शिष्याच्या कृतज्ञतेवर आपल्या कामाचं मोजमाप करू नये.

मॅन्सनने तरी ते केलं नाही, असं मानायला एक आधार आहे. १९०० मध्ये, वाद पेटलेले असताना, त्याने रोममधून, म्हणजे ज्यांच्याशी रॉसचं भांडण होतं त्याच इटालियन डॉक्टरांकडून, हिवतापाचे जंतू असलेले जिवंत डास लंडनला मागवले. जिथे स्थानिक हिवताप नव्हता अशा लंडनमध्ये ते चाववून घेणारा होता मॅन्सनचा स्वतःचा मुलगा, वैद्यकीचा विद्यार्थी. काही दिवसांत त्याला थंडी वाजून ताप भरला, रक्तात जंतू दिसले, क्विनीनने तो बरा झाला आणि काही महिन्यांनी ताप पुन्हा उलटला. मॅन्सनने हा सगळा वृत्तान्त 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. रोग पाण्यातून येतो हा त्याचा स्वतःचा दावा खोटा आणि डास चावून येतो हा रॉसचा दावा खरा, हे त्या लेखाने लंडनच्या डॉक्टरांना पटवलं.